सरकारी नोकऱ्यांत हिस्पॅनिक कर्मचाऱ्यांचे प्रमाण कसे वाढवावे: अमेरिकेतील शहर, काउंटी आणि राज्य कार्यालयांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांशी मूळ नाते असलेले, अशी केली. एकूण लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण १८.७ टक्के भरते. संघीय सरकारच्या नोकरवर्गात मात्र हिस्पॅनिक कर्मचारी दहा टक्क्यांच्या आसपासच आहेत आणि वरच्या वेतनश्रेणींकडे जावे तसतसे हे प्रमाण आणखी घटत जाते. या तफावतीकडे कुणाचे लक्षच गेले नाही, असे म्हणता येणार नाही. १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्पॅनिश भाषकांना सरकारी सेवेत आणण्यासाठी सोळा कलमी कार्यक्रम जाहीर केला, १९७८ च्या नागरी सेवा सुधारणा कायद्याने सर्व समाजघटकांपर्यंत पोहोचणारी भरती बंधनकारक केली आणि ऑक्टोबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी याच विषयावर स्वतंत्र आदेश काढला. इतके होऊनही तफावत टिकून आहे, कारण बहुतेक कार्यालयांचे लक्ष उमेदवार निवडण्याच्या एका क्षणावर खिळलेले असते आणि नेमक्या त्याच क्षणी वंशाचा किंवा मूळ देशाचा विचार करण्यास कायद्याने बंदी आहे. करण्याजोगे काम त्या क्षणाच्या आधी आणि नंतर असते, हे ध्यानात घेऊन पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

हे मार्गदर्शन मुख्यतः शहर, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि राज्य पातळीवरील आस्थापना विभागांत काम करणाऱ्यांसाठी आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत मराठी मंडळीही आता या कार्यालयांत व्यवस्थापक म्हणून, निवड समित्यांवर आणि स्थानिक नागरिक मंडळांवर काम करतात; त्यांना याचा थेट उपयोग व्हावा.

पहिली पायरी: काय करता येत नाही, ते आधी नीट समजून घ्या

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात प्रतिनिधित्व म्हटले की आरक्षण आणि बिंदुनामावली येते. कोणत्या क्रमांकाची जागा कोणत्या प्रवर्गाची, हे आपल्याकडे ठरलेले असते आणि राज्यघटनेचे कलम १६(४) त्याला आधार देते. अमेरिकेत सरकारी नोकरीसाठी अशी कोणतीही व्यवस्था नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण १९७२ पासून सरकारी कार्यालयांनाही लागू आहे आणि वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून कुणाला घेणे किंवा नाकारणे त्यानुसार बेकायदा ठरते. हिस्पॅनिक उमेदवाराला झुकते माप देणे हाही त्या कायद्याचा भंगच असतो. काही राज्यांनी सरकारी नोकरीतील प्राधान्यावर स्वतंत्र बंदीही घातली आहे: कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्ये आणि मिशिगनने २००६ मध्ये.

संघीय कार्यालयांसाठी जानेवारी २०२५ पासून चौकट आणखी आवळली गेली आहे. विविधता आणि समावेशनाचे कार्यक्रम अध्यक्षीय आदेशांनी बंद झाले आहेत आणि वांशिक आकडेवारीच्या वापरावर कडक बंधने आली आहेत. म्हणून पुढे सुचवलेली प्रत्येक गोष्ट अमलात आणण्यापूर्वी आपल्या कार्यालयाच्या कायदा सल्लागाराला लेखी विचारावे, आणि हे विचारणे योजनेचा कच्चा आराखडा तयार असतानाच करावे. आदेश निघाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

तरीही १९७८ च्या कायद्यातील गुणवत्तेचे पहिले तत्त्व आजही वाट दाखवते. समाजाच्या सर्व थरांतून मनुष्यबळ यावे यासाठी योग्य ठिकाणांहून उमेदवार शोधावेत आणि निवड व बढती मात्र खुल्या स्पर्धेनंतर केवळ क्षमता, ज्ञान व कौशल्य यांवर व्हावी, असे ते सांगते. शोध व्यापक आणि निवड निःपक्षपाती, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसतात. या लेखातील सारे उपाय त्या वाक्याच्या कक्षेतले आहेत.

दुसरी पायरी: तुलना कशाशी करायची, ते ठरवा

‘लोकसंख्येत इतके टक्के आणि आपल्याकडे इतकेच’ ही तुलना भाषणात चालते; नियोजनात ती दिशाभूल करते. लोकसंख्येत लहान मुले असतात, नोकरीसाठी आवश्यक परवाना नसलेले असतात आणि जेथे नागरिकत्वाची अट आहे तेथे नागरिक नसलेलेही असतात. संघीय सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला, तेव्हा मोजता येण्याजोग्या कारणांपैकी नागरिकत्व आणि शिक्षण या दोन कारणांचा परिणाम सर्वांत मोठा आढळला. पदासाठी खरोखर पात्र ठरू शकणारे, त्या भागात राहणारे किंवा कामाला येणारे लोक हाच योग्य तुलनेचा पाया आहे.

यासाठी जनगणना विभागाचे समान रोजगार संधी तक्ते वापरावेत. २०१४ ते २०१८ च्या सर्वेक्षणावर आधारलेल्या या तक्त्यांत व्यवसाय, काउंटी आणि नागरिकत्व यांनुसार आकडे मिळतात. परिचारिका, सिव्हिल इंजिनिअर, लेखापाल यांची तुलना आपल्या परिसरातील त्याच व्यवसायाच्या लोकांशी करावी. शंभर किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या राज्य व स्थानिक संस्थांना कर्मचाऱ्यांची वंश व लिंगवार संख्या देणारे ईईओ-४ हे विवरणपत्र भरावेच लागते आणि त्यात अधिकारी-प्रशासक, व्यावसायिक, तंत्रज्ञ, संरक्षण सेवा, सहायक व्यावसायिक, कार्यालयीन साहाय्य, कुशल कारागीर आणि सेवा-देखभाल असे आठ गट असतात. म्हणजे अर्धी माहिती कार्यालयाच्या कपाटात आधीच पडून असते. ती गटवार वाचावी. एखाद्या शहराची एकूण सरासरी समाधानकारक दिसते आणि आत पाहिले तर सारे हिस्पॅनिक कर्मचारी रस्ते दुरुस्ती व साफसफाईत असतात, नियोजन विभागात किंवा शहर वकिलांच्या कार्यालयात एकही नसतो.

आणखी एक सावधगिरी. हिस्पॅनिक असणे हा अमेरिकी आकडेवारीत आजवर वंशाहून वेगळा प्रश्न होता. एखादी व्यक्ती हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय, किंवा हिस्पॅनिक आणि गोरी अशी दोन्ही असू शकते. मार्च २०२४ मध्ये संघीय मानक बदलून हे दोन प्रश्न एकत्र करण्यात आले. जुन्या आणि नव्या पद्धतीचे आकडे एका आलेखात जोडून ‘वाढ झाली’ किंवा ‘घट झाली’ असे जाहीर करू नये.

तिसरी पायरी: गळती कुठे आहे, ते शोधा

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, कारण येथे चूक झाली तर पुढचा सारा खर्च चुकीच्या जागी होतो. अर्ज, प्राथमिक छाननी, परीक्षा, मुलाखत, नियुक्तीपत्र, पार्श्वभूमी तपासणी, रुजू होणे आणि परिवीक्षा काळ पूर्ण होणे, अशा प्रत्येक टप्प्यावर किती आले आणि किती पुढे गेले, हे मागील दोन-तीन वर्षांच्या भरतीसाठी मांडावे. माहिती उमेदवारांनी स्वेच्छेने भरलेल्या स्वतंत्र फॉर्मवरून घ्यावी आणि ती निवड समितीच्या नजरेस कधीही पडू नये.

समजा, एका पदासाठी १०० हिस्पॅनिक आणि ३०० इतर अर्जदार आले. छाननीनंतर हिस्पॅनिकांपैकी ३० आणि इतरांपैकी १५० उरले. म्हणजे एका गटातून ३० टक्के पुढे गेले आणि दुसऱ्यातून ५० टक्के. मुलाखतीला त्या ३० मधून १२ आणि १५० मधून ६० बोलावले गेले. दोन्हीकडे ४० टक्के. शेवटी १२ मधून २ आणि ६० मधून १० निवडले गेले. पुन्हा प्रमाण सारखेच. येथे मुलाखत समितीला पूर्वग्रहावर प्रशिक्षण देऊन काहीही साधणार नाही. सारी गळती छाननीत आहे. कर्मचारी निवडीच्या १९७८ च्या संघीय नियमावलीतला चार-पंचमांशाचा ठोकताळा (एका गटाचे पुढे जाण्याचे प्रमाण सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटाच्या किमान ८० टक्के असावे) लावला, तर ३० भागिले ५० म्हणजे ६० टक्के, आणि ८० टक्क्यांच्या खाली गेल्यावर त्या टप्प्याची तपासणी करणे शहाणपणाचे असते. आकडे लहान असतील तर मात्र एका-दोघांनी टक्केवारी उलटीपालटी होते, हे विसरू नये.

मग छाननीची प्रश्नावली उघडून बघावी. अनेक सरकारी अर्जांत उमेदवाराला स्वतःलाच गुण द्यावे लागतात: ‘या कामात मी तज्ज्ञ आहे’, ‘मी हे काम स्वतंत्रपणे करतो’, ‘मी हे काम देखरेखीखाली करतो’. जो सर्वत्र ‘तज्ज्ञ’ लिहितो तो यादीत वर जातो आणि जो प्रामाणिकपणे मधला पर्याय निवडतो तो गळतो. सरकारी अर्ज कसा भरायचा हे सांगणारे घरात किंवा नात्यात कुणी असेल तर हे गुपित आधीच ठाऊक असते. ज्याच्या कुटुंबात तो पहिलाच सरकारी अर्जदार आहे त्याला ते ठाऊक नसते. यावर उपाय म्हणजे स्वमूल्यांकनाऐवजी कामाचा छोटा नमुना मागणे, किंवा विषयातील जाणकारांकडून अर्ज वाचून घेणे. त्याचा लाभ प्रत्येक प्रामाणिक उमेदवाराला होतो.

पार्श्वभूमी तपासणीच्या टप्प्यावर नावांची अडचण येते. स्पॅनिश परंपरेत दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे. एका प्रमाणपत्रावर ‘गार्सिया लोपेझ’, दुसऱ्यावर नुसते ‘गार्सिया’ आणि संगणक प्रणालीत शेवटचा शब्द आडनाव धरल्यामुळे ‘लोपेझ’ अशी तीन रूपे तयार होतात. मग ‘नोंद जुळत नाही’ असा शेरा पडून फाइल आठवडेच्या आठवडे थांबते आणि तोवर उमेदवार दुसरीकडे रुजू होतो. अर्जात दोन आडनावांसाठी जागा ठेवणे आणि न जुळलेल्या नोंदीवर त्याच दिवशी उमेदवाराला फोन करणे, इतक्याने हा अडसर दूर होतो.

प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावरच्या उमेदवारांबाबतही गैरसमज दिसतात. १९१७ पासून प्वेर्तो रिकन लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड मागणे चुकीचे आहे. प्वेर्तो रिको विद्यापीठाची पदवी ही परदेशी पदवी नाही आणि तिच्या समकक्षतेचे मूल्यमापन करून आणायला सांगू नये. मात्र १ जुलै २०१० पूर्वी दिलेले तेथील जन्मदाखले त्या बेटाच्या कायद्याने रद्द झालेले आहेत. उमेदवाराने जुना दाखला आणला तर त्याच्याकडे संशयाने न बघता नवा कुठून काढायचा, हे त्याला सांगावे.

चौथी पायरी: पात्रतेच्या अटी एकेक करून तपासा

जाहिरातीतील प्रत्येक अटीसमोर एकच प्रश्न लिहावा: ही नसेल तर पहिल्या वर्षी नेमके कोणते काम अडेल? सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात हाच मुद्दा उचलला. हायस्कूलच्या प्रमाणपत्राची अट आणि चाचण्या कामाशी संबंधित नसताना लावल्या गेल्या होत्या आणि न्यायालयाने त्या अमान्य केल्या. आज अनेक लिपिकवर्गीय आणि निरीक्षक पदांवर चार वर्षांच्या पदवीची अट केवळ मागच्या जाहिरातीतून उतरवून घेतल्यामुळे टिकून असते. मेरीलँडने मार्च २०२२ मध्ये हजारो राज्य पदांवरून ही अट काढली आणि पेनसिल्व्हेनियाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सुमारे ९२ टक्के राज्य पदांसाठी तसेच केले. अट काढणे म्हणजे दर्जा उतरवणे नव्हे. त्याऐवजी किती वर्षांचा कोणता अनुभव चालेल, हे जाहिरातीत स्पष्ट लिहावे लागते, आणि ते काम कष्टाचे आहे.

नागरिकत्वाची अट विशेष काळजीने बघावी. न्यूयॉर्कच्या स्पर्धात्मक नागरी सेवेतून नागरिक नसलेल्यांना सरसकट वगळणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रद्द केला. पुढे १९८२ मध्ये मात्र, लॉस एंजेलिस काउंटीतील परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या (न्यायालयाने देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या) प्रकरणात, कायदा-सुव्यवस्थेच्या पदांसाठी अशी अट ठेवण्यास राज्याला परवानगी दिली. पण परवानगी आहे म्हणून अट ठेवलीच पाहिजे, असे नाही. कॅलिफोर्नियानेच १ जानेवारी २०२३ पासून पोलीस अधिकाऱ्यांसाठीची नागरिकत्वाची अट काढली आणि काम करण्याचा कायदेशीर परवाना पुरेसा मानला. आपल्या संस्थेच्या नियमावलीत ही अट कुठे कायद्याने आली आहे आणि कुठे सवयीने, याची यादी करावी.

पाचवी पायरी: जाहिरात जिथे वाचली जाते, तिथे पोहोचवा

अर्जच कमी येत असतील तर दोष प्रसाराचा आहे. ज्या महाविद्यालयांत पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक असतात, त्यांना संघीय कायद्यात हिस्पॅनिक-सेवी संस्था म्हणतात. टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातील विद्यापीठ, मायामीचे फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठ आणि दक्षिण ब्राँक्समधील प्वेर्तो रिकन रहिवाशांच्या मागणीतून १९६८ मध्ये उभे राहिलेले होस्टोस कम्युनिटी कॉलेज ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. अशा महाविद्यालयांची संघटना १९८६ मध्ये सॅन अँटोनियोत स्थापन झाली आणि ती १९९२ पासून विद्यार्थ्यांना सरकारी कार्यालयांत प्रशिक्षणार्थी म्हणून पाठवत आली आहे. प्रसार या संस्थांपुरता मर्यादित ठेवू नये. इतर महाविद्यालयांच्या यादीत त्यांची भर घालावी, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही प्रश्न उरत नाही.

वर्षातून एकदा नोकरी मेळाव्यात टेबल मांडून पत्रके वाटल्याने फारसे घडत नाही. ज्या विभागात जागा आहे, त्या विभागातल्या अभियंत्याने किंवा लेखापालाने त्या विषयाच्या प्राध्यापकाशी ओळख ठेवावी, वर्गात जाऊन अर्जाची प्रश्नावली पडद्यावर उघडून दाखवावी आणि अर्जाची मुदत किमान दोन-तीन आठवड्यांची असावी. प्रशिक्षणार्थींना वेतन द्यावे. विनावेतन प्रशिक्षणात ज्याला उन्हाळ्यात घरभाडे भरायचे नसते तोच टिकतो आणि पुढे कायम नोकरीची वाट त्याच्यासाठीच उघडते.

सहावी पायरी: परीक्षा आणि मुलाखत आधीच निर्दोष करा

येथे ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. न्यू हेवन शहराने २००३ मध्ये अग्निशमन दलातील बढत्यांसाठी परीक्षा घेतली आणि निकालात कृष्णवर्णीय उमेदवार फार खाली गेल्याचे दिसल्यावर तो निकालच रद्द केला. यशस्वी उमेदवार न्यायालयात गेले. त्यांत गोऱ्यांबरोबर एक हिस्पॅनिक अधिकारीही होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराचे कृत्य बेकायदा ठरवले. लोकांनी अभ्यास करून दिलेली परीक्षा नंतर मोडता येत नाही. तिचे प्रश्न कामाशी जुळतात का, गुणांची विभागणी योग्य आहे का, हे परीक्षेची तारीख जाहीर करण्यापूर्वीच तपासावे लागते.

उलट बाजूचे उदाहरण संघीय सरकारचेच आहे. १९७० च्या दशकात पदवीधरांसाठी एकच सामान्य परीक्षा शंभराहून अधिक पदांना लावली जात असे. तिच्यामुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक उमेदवार मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात, असा दावा एंजल लुएव्हानो यांच्या नावाने १९७९ मध्ये दाखल झाला आणि १९८१ च्या तडजोडीत सरकारला ती परीक्षा सोडावी लागली. ती तडजोड २०२५ मध्ये संपुष्टात आली, तरी प्रत्येक पदासाठी त्या पदाच्या कामावर बेतलेली चाचणी हवी, हा धडा कायम आहे. मुलाखतीतही सर्वांना तेच प्रश्न, उत्तरांचे निकष आधी लिहिलेले आणि समितीतील प्रत्येकाचे गुण चर्चेपूर्वी नोंदवलेले, एवढी शिस्त असावी.

सातवी पायरी: स्पॅनिश भाषेला मोल द्या, पण तिचे ओझे करू नका

कॅलिफोर्नियात १९७३ पासूनच्या कायद्याने राज्य कार्यालयांना ठरावीक प्रमाणापलीकडे दुसऱ्या भाषेचे नागरिक येत असतील तर त्या भाषेत सेवा द्यावी लागते. मतदान हक्क कायद्याच्या १९७५ च्या दुरुस्तीमुळे अनेक काउंट्यांना निवडणुकीत स्पॅनिश साहाय्य बंधनकारक आहे. त्यामुळे द्विभाषिक पदे निर्माण करणे रास्त आहे, मात्र अट भाषेची असावी. अस्खलित स्पॅनिश बोलणारा उमेदवार कोणत्याही मूळचा असू शकतो आणि हिस्पॅनिक उमेदवाराला स्पॅनिश येईलच असेही नाही. चाचणी सर्वांना सारखी घ्यावी.

यातून एक जुना अन्याय घडत आला आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर स्पॅनिश बोलणारे कुटुंब आले की मागच्या खोलीतून एखाद्या हिस्पॅनिक कर्मचाऱ्याला हाक मारली जाते. ती हातातले काम सोडून येते, अर्धा तास दुभाषी म्हणून उभी राहते आणि परत जाते तेव्हा तिच्या टेबलावरचा ढीग तसाच असतो. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ढीग मोजला जातो, दुभाषीपण मोजले जात नाही. एफबीआयमधील ३०० हून अधिक हिस्पॅनिक एजंटांनी बर्नार्डो पेरेझ यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या दाव्यात हेच मोठ्या प्रमाणावर उघड झाले. स्पॅनिश येते म्हणून त्यांना दूरध्वनी संभाषणे ऐकण्याच्या कामावर पुन्हा पुन्हा पाठवले जाई आणि बढतीसाठी लागणारा तपासाचा अनुभव इतरांना मिळे. टेक्सासमधील संघीय न्यायालयाने १९८८ मध्ये भेदभाव झाल्याचा निर्णय दिला. म्हणून भाषेचे काम पदाच्या वर्णनात लिहावे, त्यासाठी भत्ता द्यावा, त्याचे तास नोंदवावेत आणि ज्याला ते नको असेल त्याला नकाराचा हक्क असावा.

आठवी पायरी: बढतीच्या वाटा उजेडात आणा

वरच्या पदांवरील कमतरता बहुधा बढतीच्या परीक्षेत निर्माण होत नाही. ती दोन-तीन वर्षे आधी, ‘साहेब रजेवर आहेत, तेवढा कार्यभार तू सांभाळ’ अशा तोंडी निरोपातून सुरू होते. प्रभारी पदे, विशेष प्रकल्प, अर्थसंकल्प समितीतील जागा यांची जाहिरात निघत नाही आणि पुढे मुलाखतीत मात्र त्याच अनुभवाला सर्वाधिक गुण मिळतात. तीस दिवसांहून अधिक काळाचा प्रत्येक प्रभार सर्व पात्र कर्मचाऱ्यांना कळवून, त्यांच्याकडून इच्छा मागवूनच द्यावा, असा साधा लेखी नियम माझ्या मते बाकी कोणत्याही नेतृत्व शिबिरापेक्षा जास्त फळ देतो. मार्गदर्शक जोड्या आणि कर्मचारी मंडळे उपयुक्त आहेत, पण ती सर्वांसाठी खुली असावीत.

सोडून जाणाऱ्यांशी बोलताना वरिष्ठ समोर नसावा. राजीनाम्यानंतर काही महिन्यांनी, त्रयस्थ व्यक्तीने फोन करून विचारल्यास अधिक खरी उत्तरे मिळतात. परिवीक्षा काळातच लोक जात असतील तर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांना काम कोण शिकवते, हे बघावे.

वर्षाच्या शेवटी काय तपासायचे

तिसऱ्या पायरीतील तक्ता पुन्हा भरावा आणि फक्त ज्या टप्प्यावर बदल केला होता तिथे फरक पडला का, तेवढे बघावे. अमुक टक्के हिस्पॅनिक नेमणुका झाल्याच पाहिजेत, असे उद्दिष्ट व्यवस्थापकांना देऊ नये. ते कायद्यात बसत नाही आणि नेमलेल्या माणसाच्या पात्रतेवर विनाकारण शंका घ्यायला जागा मिळते. त्यांना विचारायचे ते त्यांच्या हातातल्या गोष्टींबद्दल: किती पदांच्या अटी तपासल्या, किती मुलाखतींचे निकष आधी लिहिले होते, अर्जापासून नियुक्तीपत्रापर्यंत किती दिवस लागले, किती प्रभार कळवून दिले. या चार नोंदी व्यवस्थापकाच्या वार्षिक मूल्यमापनात घालाव्यात आणि गटवार गोषवारा शहर परिषदेच्या किंवा काउंटी मंडळाच्या खुल्या बैठकीत मांडावा. गोषवाऱ्यात पाचपेक्षा कमी माणसांचा कोणताही रकाना झाकून ठेवावा, म्हणजे आकड्यांमागची व्यक्ती ओळखू येणार नाही.